फसलेल्या मण्यांची साक्ष

मातीचा मणी तडकतो तो बहुधा भोकापासून. बाकी सगळा मणी गोल, गुळगुळीत, देखणा असतो. दोरा ओवायला घेतला की दिसते, भोकाच्या कडेपासून निघालेली केसाएवढी रेघ थेट पोटापर्यंत गेली आहे. घरी मातीचे दागिने करायला घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकीची या रेघेशी सुरुवातीलाच गाठ पडते. छत्रपती संभाजीनगरात बचत गटांच्या प्रदर्शनांत, नवरात्र-दिवाळीच्या आधी भरणाऱ्या बाजारांत मातीची कानातली, खणाच्या चिंचपेट्या, दोरा गुंडाळलेल्या बांगड्या मांडलेल्या दिसतात. त्यातला बराच माल स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा गॅलरीत घडलेला असतो. विकायला आलेला दागिना आपल्याला दिसतो, फसलेले नग डब्यात राहतात. पण या कलेचे खरे शिक्षण त्या डब्यातच असते. आणि मराठवाड्याच्या या टापूत ते शिक्षण किमान दोन हजार वर्षे चालू आहे.

आधी त्या रेघेचे कारण पाहू. ओल्या मातीच्या कणांमध्ये पाणी असते. ते उडून गेले की कण एकमेकांजवळ सरकतात आणि मणी आकसतो. सगळा मणी सारख्या वेगाने आकसला तर काहीच बिघडत नाही. पण भोकाची कड पातळ असते, ती आधी वाळते. पोट अजून ओले असते. कड ओढली जाते, पोट जागचे हलत नाही आणि माती फाटते. त्यात भोकात काडी किंवा सुई तशीच ठेवून मणी वाळवला असेल तर बघायलाच नको. माती आकसते, काडी आकसत नाही. म्हणून भोक पाडायची वेळ साधावी लागते. बोट लावले तर माती चिकटत नाही, पण नख दाबले तर खूण उमटते, त्या बेताला सुई गोल फिरवत आत घालायची आणि तशीच फिरवत बाहेर काढायची. भोकाची कड ओल्या बोटाने किंचित गोलसर करायची. मग मणी उन्हात ठेवायचे नाहीत. सावलीत, वरून दमट फडके टाकून, सावकाश वाळू द्यायचे. एप्रिल-मे महिन्यात संभाजीनगरची हवा इतकी कोरडी असते की फडके नसेल तर बारीक मणी बघता बघता वाळतात आणि तितक्याच लवकर तडकतात.

दुसरी अडचण खुद्द मातीची. आपल्या भागात माती म्हटले की काळी माती डोळ्यांपुढे येते, आणि हौसेने कुंडीतली किंवा शेतातली तीच माती घेऊन कोणी मणी वळायला बसते. ती माती हाताला लोण्यासारखी लागते, आकारही छान घेते, पण वाळताना दगा देते. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे खनिज भरपूर असते. त्याचे थर पाणी पिऊन फुगतात आणि पाणी गेले की मिटतात. उन्हाळ्यात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच गुणामुळे. जे शेतात होते तेच मण्यात होते, फक्त लहान प्रमाणावर. कुंभार म्हणूनच नुसत्या काळ्या मातीवर विसंबत नाही. तो तळ्यातला, नदीकाठचा गाळ आणतो, चाळतो, भिजवतो आणि त्यात राख, बारीक वाळू, भुसा किंवा लीद मिसळतो. राख आणि वाळू आकसत नाहीत, त्यामुळे एकूण आकसणे कमी होते. भुसा आणि लीद भट्टीत जळून जातात आणि मागे सूक्ष्म पोकळ्या ठेवतात, त्यातून वाफेला वाट मिळते. घरी सगळ्यात सोपा उपाय म्हणजे फुटलेल्या पणत्या. त्या कुटून, वस्त्रगाळ करून मातीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढी पूड मिसळली तर मणी तडकण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते. एकदा भाजलेली माती पुन्हा आकसत नाही, म्हणून ही पूड नव्या मातीला आतून टेकू देते.

तिसरी गफलत भाजण्याची. घरच्या ओव्हनमध्ये २५० अंशांपर्यंत तापमान जाते आणि मणी बाहेर काढला की तो खणखणीत झाल्यासारखा वाटतो. तो फक्त कडक वाळलेला असतो. परीक्षा सोपी आहे. एक मणी पेलाभर पाण्यात टाकून ठेवावा. थोड्या वेळाने तो विरघळून तळाला चिखल दिसला, तर तो भाजलेला नव्हता. मातीच्या कणांच्या रचनेतच बांधलेले पाणी बाहेर पडायला साडेचारशे ते सहाशे अंशांची आच लागते, आणि ते एकदा गेले की माती पुन्हा चिखल होत नाही. एवढी आच कुंभाराच्या आव्यात मिळते. ओळखीच्या कुंभाराकडे, पणत्यांच्या आव्याबरोबर, एका गाडग्यात राखेमध्ये बसवून आपले मणी लावून घेणे हा उत्तम मार्ग. ते आधी पक्के वाळलेले हवेत. पोटात ओल राहिली तर शंभर अंशांना तिची वाफ होते आणि मणी फुटतो. आणखी एक गंमत या आव्यात कळते. मोकळी हवा मिळाली तर मातीतल्या लोहामुळे मणी लाल होतो, आणि शेवटी हवा कोंडून आत धूर भरला तर तोच मणी काळाभोर निघतो. रंगाचा एक थेंब न वापरता एकाच मातीचे दोन रंग. एका गळ्यात लाल आणि काळे मणी आलटून पालटून ओवले तर त्यांना वरून ऑइलपेंट फासायची गरज उरत नाही. सोनेरी रंगाने रंगवलेल्या मातीच्या दागिन्यांपेक्षा ते कितीतरी उजवे दिसतात, असे माझे ठाम मत आहे.

हे शिक्षण इथे किती जुने आहे ते आता पाहू. पैठण संभाजीनगरपासून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. नेवासे प्रवरेच्या काठी, तेही फार लांब नाही. भोकरदन १९८१ पर्यंत तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातच होते, आता जालना जिल्ह्यात आहे. तेर धाराशिव जिल्ह्यात. सातवाहनकाळात ही सगळी गजबजलेली गावे होती, आणि इथल्या जमिनीतून मण्यांचे ढीग निघाले आहेत. त्यात अकीक आहे, काच आहे, शंख आहे, हस्तिदंत आहे, आणि भाजलेली मातीसुद्धा आहे. सुपारीच्या आकाराचे मातीचे मणी तर त्या काळाची ओळखच ठरले आहेत. सोने ज्यांना परवडत होते त्यांनी सोने घातले. बाकीच्यांनी हौस सोडली नाही.

याचा सगळ्यात बोलका पुरावा तेलंगणातल्या कोंडापूरचा. तिथे सातवाहनकाळातील मातीची पदके सापडली आहेत. रोमन सम्राटांच्या नाण्यांवरून ती उठवलेली आहेत, आणि दोऱ्यात अडकवण्यासाठी त्यांना कडी किंवा भोक आहे. रोमन नाणी व्यापारातून दख्खनमध्ये येत होती. ज्यांच्या हाती ती पडत नव्हती, त्यांनी त्या नाण्यांचा ठसा मातीत उमटवून गळ्यात घातला. पुढे महाराष्ट्रात पुतळीहार घराघरांत रुळला. नाण्यांची माळ घालण्याची हौस त्याच्याही कितीतरी आधीची आहे, आणि तिची स्वस्त आवृत्तीसुद्धा.

ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आपल्याकडे घरी केलेल्या दागिन्याला ‘खोटा’ म्हणून बाजूला सारायची सवय आहे. पण ज्या बाईने मातीचे पदक गळ्यात घातले, ती कोणाला फसवायला निघाली नव्हती. माती लपत नाही. तिला तो आकार आवडला होता आणि तिने तो आपल्याला झेपेल अशा वस्तूत मिळवला. त्या वस्तूवरही कोणाचे तरी हात आणि तास खर्ची पडले होते.

नक्कल करण्यात तर इथले लोक तेव्हाच नाव मिळवून बसले होते. पहिल्या शतकातल्या प्लिनी या रोमन लेखकाने आपल्या ‘नॅचरल हिस्टरी’त नोंदवून ठेवले आहे की स्फटिकाला रंग देऊन दुसऱ्या रत्नांची, विशेषतः वैडूर्याची, नक्कल करण्याची युक्ती भारतीयांनी शोधली आहे. स्फटिक तापवून एकदम गार केला की त्यात बारीक तडे जातात, आणि त्या तड्यांतून रंग आत शिरतो. रंगाची ही पद्धत प्राचीन जगात माहीत होती. हाच प्लिनी इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावला. त्याच उद्रेकात पाँपेई शहर गाडले गेले, आणि त्या शहरातून १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या अंगावर गळ्यातले, कमरेवरचे, हातातले, पायातले दागिने खच्चून भरलेले आहेत. तिच्याशी साम्य असलेली हस्तिदंती मूर्ती भोकरदनला १९७३ च्या उत्खननात मिळाली. हे उत्खनन शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली नागपूर आणि मराठवाडा या दोन विद्यापीठांनी मिळून केले होते. मराठवाड्यातल्या दागिन्यांची हौस समुद्रापार पोचली होती, असे म्हणायला त्यामुळे आधार मिळतो.

स्फटिकाची ती युक्ती आज घरी करून पाहता येते, काचेच्या गोट्यांवर. पारदर्शक गोट्या ओव्हनमध्ये दोनशे अंशांच्या आसपास पंधरा-वीस मिनिटे तापवायच्या आणि बर्फाच्या पाण्यात सोडायच्या. बाहेरचा थर चटकन गार होऊन आकसतो. आतली काच गरमच असते, कारण काचेतून उष्णता सावकाश जाते. या ओढाताणीत आत तड्यांचे जाळे पसरते, पण गोटी बहुधा अखंड राहते. उजेडात धरली की आत चांदणे सांडल्यासारखे दिसते. काही गोट्या मात्र पाण्यात पडताच फुटतात, म्हणून डोळ्यांना चष्मा हवा, हात लांब हवा आणि मुलांना एकटे सोडू नये. तडकलेल्या गोटीला भोक पाडायच्या फंदात पडू नये. तिला वरून तांब्याच्या तारेचा पिंजरा करावा.

खऱ्या दगडाचे प्रकरण याहून अवघड आणि याहून सुंदर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर साचले. त्या थरांत वायूचे बुडबुडे अडकले, खडक निवल्यावर तिथे पोकळ्या राहिल्या, आणि पुढे झिरपणाऱ्या पाण्याने त्यांत सिलिका साचवली. अकीक, गार, जांभळा स्फटिक ही सगळी त्या पोकळ्यांतली संपत्ती. वेरूळ-अजिंठ्याला गेलात की विक्रेते हातात फोडलेला दगड धरून आतले स्फटिक दाखवत मागे लागतात, ते याच खडकातले. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासमार्गदर्शकात पैठणहून असे दगड गाड्यांत भरून मोठ्या प्रमाणावर भडोचला जात असल्याची नोंद आहे. वाट कच्ची होती, पल्ला वीस दिवसांचा होता, तरी माल जात होता.

लाल अकीक जमिनीतून बहुधा तेवढा लाल निघत नाही. तो पिवळट, करडा, विटकरी असतो. त्यातल्या लोहाचे रूप उष्णतेने बदलते आणि लाली चढते. गुजरातेतल्या खंभातला हा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. तिथले कारागीर दगड मडक्यांत घालून गोवऱ्यांच्या किंवा भुशाच्या मंद आचेवर तापवतात. आच एकदम वाढवली की दगड चिरतो. कोणत्या दगडाला किती आच हे कोणा शास्त्रज्ञाने सांगितले नव्हते. ते चिरलेल्या दगडांनी शिकवले.

मग त्या दगडाला भोक. अकीक पोलादाच्या साध्या टोकाला दाद देत नाही. जुने कारागीर मण्याच्या दोन्ही टोकांकडून भोक पाडत मध्यावर भेटत. एकाच बाजूने पार नेले तर शेवटच्या क्षणी दुसऱ्या टोकाचा टवका उडतो, हा अनुभव त्यामागे होता. संग्रहालयात एखादा पारभासक मणी उजेडाविरुद्ध पाहायला मिळाला तर नीट बघा. दोन्हीकडून आलेली भोके मध्यावर अगदी नेमकी जुळतातच असे नाही. एखाद्या केसाची तफावत राहते आणि तिथे एक बारीक पायरी दिसते. ती पायरी म्हणजे त्या माणसाच्या हाताची सही आहे. घरी काम करणाऱ्यांनी हिऱ्याचे टोक असलेला ड्रिल आणि पाण्याची धार यांच्याशिवाय अकीकाच्या वाटेला जाऊ नये; दगडाची धूळ फुप्फुसाला घातक असते. दगड तारेत गुंफावा, तेवढे पुरे.

या मण्यांचा अभ्यास ज्यांनी आयुष्यभर केला त्यात मोरेश्वर गंगाधर दीक्षितांचे नाव मोठे आहे. अकीकावर पांढरी नक्षी काढलेल्या मण्यांवरचे त्यांचे पुस्तक १९४९ मध्ये आले, आणि भारतीय काचेचा इतिहास १९६९ मध्ये मुंबई विद्यापीठाने प्रसिद्ध केला. ही पांढरी नक्षी रंगाची नसते, ती दगडातच उमटलेली असते. अर्नेस्ट मॅके या पुरातत्त्वज्ञाला सिंधमधल्या सेहवानला एका म्हाताऱ्या कारागिराने ती कशी उमटते ते प्रत्यक्ष करून दाखवले होते. धुण्याचा सोडा एका झुडपाच्या कोवळ्या फांद्यांच्या रसात कालवायचा, त्याने मण्यावर नक्षी काढायची आणि मणी निखाऱ्यात तापवायचा. सोडा दगडाच्या पृष्ठभागाला खातो आणि रेघ पांढरी राहते. झुडपाचा चिकट रस नसेल तर सोडा पसरतो आणि रेघ फिसकटते. हजारो वर्षे वापरात असलेली ही कृती तोपर्यंत मोजक्याच हातांत उरली होती. मॅकेने ती लिहून घेतली म्हणून आज आपल्याला माहीत आहे.

आता धातूकडे. नेवाशाच्या उत्खननात ताम्रपाषाणयुगातल्या एका लहान मुलाच्या सांगाड्याच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची. मण्यांच्या पोटात दोऱ्याचे तुकडे टिकून राहिले होते, आणि तपासणीत त्यात रेशीम आणि कापूस असल्याचे आढळले. एवढ्या काळात कापसाचा दोरा मातीत उरत नाही. तो उरला तो तांब्यामुळे. तांबे गंजते तेव्हा तयार होणारे क्षार बुरशी आणि जिवाणूंना मारक असतात, त्यामुळे मण्यालगतचा धागा कुजला नाही.

तेच क्षार आज घरच्या कानातल्यांच्या तक्रारीचे कारण आहेत. तांब्या-पितळेची तार घामाशी, दमट हवेशी मिळाली की कातडीवर हिरवट डाग पडतो. ग्राहक लगेच म्हणतो, माल हलका आहे. हा डाग साबणाने जातो आणि बहुतेकांना त्याचा काही त्रास होत नाही. त्रास देतो तो निकेल. बेंटेक्सच्या पुष्कळ दागिन्यांत, स्वस्त आकड्यांत, मुलाम्याच्या खालच्या थरात निकेल असते, आणि ज्यांना त्याचे वावडे असते त्यांच्या कानाच्या पाळीला खाज सुटते, पाणी सुटते, खपली धरते. एकदा हे वावडे जडले की सहसा जन्मभर जात नाही. युरोपात कातडीला लागणाऱ्या दागिन्यांतून किती निकेल सुटावे यावर १९९४ मध्ये मर्यादा घालण्यात आली. आपल्याकडे घरी काम करणारी बाई एवढे नक्की करू शकते, की मणी मातीचा असो वा कागदाचा, कानात जाणारा आकडा चांदीचा किंवा सर्जिकल स्टीलचा लावायचा. आकड्याला पारदर्शक नेलपॉलिश लावण्याचा उपाय सगळीकडे सांगितला जातो. तो थोडेच दिवस टिकतो, कारण घालता-काढताना थर निघून जातो. स्वस्त आकड्यात दहा-वीस रुपये वाचवून कोणाची पाळी चिघळवण्यात काही अर्थ नाही.

तारेचा स्वभावही एकदा समजून घ्यावा. तांब्याची तार पहिल्यांदा वळवली की लोण्यासारखी वळते. तीच जागा पुन्हा सरळ करून पुन्हा वळवली की ती कडक होते, आणि आणखी दोन-चार वळणांत तुटते. धातूच्या आतली रचना प्रत्येक वळणागणिक गुंतत जाते. तार गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून थंड केली की गुंता सुटतो आणि ती परत मऊ होते. ज्यांना हे माहीत नसते ते तार वाईट निघाली म्हणतात. पैठणीच्या काठाचे आणि खणाचे दागिनेही आता खूप होतात. त्यांचे पथ्य एकच, कापड कापण्याआधी मागे अस्तर चिकटवायचे, म्हणजे कडेची जर सुटत नाही. रेझिनमध्ये फुले गोठवणाऱ्यांनी मापात मुळीच अंदाज धरू नये, आणि हातमोजे, उघडी खिडकी यांत कंजुषी करू नये.

हे सगळे सांगताना एक गोष्ट मनात सारखी येते. एखाद्या प्राचीन गावात मणी बाहेरून विकत आले की तिथेच घडले, हे पुरातत्त्वज्ञ कशावरून ठरवतात? देखण्या, पुऱ्या झालेल्या मण्यांवरून ते कळत नाही. अर्धवट घासलेले, भोक पाडताना फुटलेले, आचेत चिरलेले मणी आणि दगडाच्या कपच्या एका जागी सापडल्या, तर तिथे कारागिराची बैठक होती असे समजतात. फसलेला माल हाच कारखान्याचा पुरावा. माती, दगड, काच, शंख यांचे अपयश जमिनीत शाबूत राहते.

पण आपल्या मराठी घरांतला एक दागिना असा आहे, ज्याचे यश राहत नाही आणि अपयशही राहत नाही. तो म्हणजे संक्रांतीचा हलव्याचा दागिना. नव्या नवरीच्या पहिल्या संक्रांतीला काळी साडी आणि तिच्यावर पांढरेशुभ्र दागिने. बाळाच्या बोरन्हाणाला मुकुट, बासरी, कडे. जावयाला हार आणि नारळ. घरगुती दागिन्यांत याच्या तोडीचे कसब दुसऱ्या कशात लागत असेल असे मला वाटत नाही, कारण इथे दागिना घडवण्याआधी मणीच साखरेतून वाढवावा लागतो.

हलवा करतात तो असा. तीळ, खसखस किंवा साबुदाणा परातीत घेऊन मंद शेगडीवर ठेवतात. साखरेचा पाक करतात, त्यात थोडे दूध घालून वर आलेली मळी काढतात, पाक गाळून घेतात. मग चमचा-चमचा पाक परातीत सोडायचा आणि बोटांनी दाणे सतत फिरवत राहायचे, तो सुकेपर्यंत. सुकला की पुन्हा चमचाभर. असे तासन्‌तास, बरेच दिवस. सुरुवातीला दाणे नुसतेच पांढरे आणि जाड होत जातात. आता काही होत नाही असे वाटू लागते, आणि मग एके दिवशी पृष्ठभागावर बारीक उंचवटे दिसतात. तेच पुढे काटे होतात.

काटा का येतो? दाण्यावर कुठेतरी साखरेचा एखादा स्फटिक इतरांपेक्षा किंचित वर आलेला असतो. दाणा परातीत लोळताना पाकाला आधी तोच टेकतो, त्यामुळे त्याच्या वाट्याला पाक जास्त येतो आणि तो तिथेच सुकतो. पुढच्या फेरीत तो आणखी उंच. खळग्यांना पाक मिळतच नाही. जो थोडा पुढे गेला तो पुढेच जात राहतो. जपानमध्ये कोंपेइतो नावाची अशीच काटेरी साखरगोळी होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती मिठाई तिथे गेली. ती घडायला एक-दोन आठवडे लागतात. तिला शिंगे का फुटतात या प्रश्नावर तेरादा तोराहिको या भौतिकशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहून ठेवले आहे. आपल्या आजीच्या परातीत जे होत होते ते एका नामवंत शास्त्रज्ञाला विचारात पाडण्याजोगे होते.

या कारणावरून हलवा फसण्याची कारणेही उलगडतात. पाक एकदम जास्त घातला तर खळगेही भरतात आणि दाणा गुळगुळीत होतो. पाक फार पातळ असेल तर आधीचे काटे विरघळतात. आच जास्त झाली तर साखर पिवळी पडते, आणि तो डाग काढता येत नाही. परातीला चिकटलेली साखर वरचेवर पुसून घेतली नाही तर तिचा भुगा दाण्यांवर बसून काटे बुजतात. बोटांचा दाब जास्त झाला तर आलेले काटे मोडतात. आणि ढगाळ, दमट हवा असेल तर साखर हवेतले पाणी ओढून घेते, मग काही केले तरी काटा धरत नाही. मराठवाड्यातली पौषातली थंडी कोरडी असते, ती या कामाला फार अनुकूल. कोकणातल्या घरांत हेच काम जास्त जिकिरीचे होते.

काट्यांचा दागिन्यालाही उपयोग आहे. हलव्याच्या दाण्याला भोक पाडता येत नाही, साखर फुटते. म्हणून दोन दोऱ्यांच्या गाठींत तो अडकवतात, आणि काटे असले की दोरा पक्का बसतो. पदर असलेले हार, बाजूबंद, मंगळसूत्र असे ओवतात. मुकुट आणि कंबरपट्टा पुठ्ठ्यावर जरीचा कागद लावून त्यावर करतात. हल्ली तयार दागिने सहज मिळतात आणि तयार हलवाही मिळतो, त्यामुळे संक्रांत थांबत नाही. पण तयार हलवा आणला की काटे आणण्याची विद्या हात शिकत नाहीत.

दागिना दुसऱ्या दिवशी मुले खातात, नाहीतर मुंग्या खातात. पैठणच्या मातीत दोन हजार वर्षांनी अकीक सापडला, नेवाशाला दोऱ्याचा तुकडा सापडला. हलव्याचा एकही दाणा कधी कोणाला सापडणार नाही. त्याचे ज्ञान आज ज्या बायकांच्या बोटांत आहे त्यांच्यापैकी बहुतेक सत्तरी ओलांडलेल्या आहेत. मॅकेला सेहवानचा म्हातारा वेळेवर भेटला. आपल्या घरातली, वाड्यातली, सोसायटीतली अशी एखादी आजी असेल तर येत्या मार्गशीर्षातच तिच्याशेजारी वही घेऊन बसा. पाक कुठवर आणायचा, आच कशी ओळखायची, परात कधी पुसायची, आणि विशेषतः तिचा हलवा केव्हा केव्हा आणि कशाने फसला, हे सगळे विचारून लिहून घ्या. तिची बोटे चालत असताना फोनवर चित्रीकरणही करून ठेवा.